दुमडलेले कोपरे

या लिखाणात कुणाचं नाव येणार नाही. माणसाचं नाही, आणि ज्या गावात हे घडलं त्या गावाचंही नाही. मी एकदा नको तिथे नको ते बोलून बसले आहे, तेवढं एका जन्माला पुरेसं आहे.

मी आर्वी तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डेटा ऑपरेटर आहे, कंत्राटी. गावागावांत फिरणाऱ्या नर्सबाया कागदावर जे लिहून आणतात ते मी कॉम्प्युटरमध्ये भरते. आमचं कंत्राट अकरा महिन्यांचं. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि मग पुन्हा नेमणूक, मिळाली तर. त्या एका दिवसाची भीती उरलेले सगळे दिवस पुरते. त्यात मी मुळातली घाबरट. काही घाबरट माणसं गप्प बसतात, काही भराभर कामं उरकत सुटतात. मी दुसऱ्यांपैकी. टेबलावर पेन तिरपं पडलेलं मला सहन होत नाही, डब्याचं झाकण अर्धवट लागलेलं दिसलं की जीव कासावीस होतो. आई म्हणते, "इच्या घरात मुंगीनंबी लाइनीतच चालाव."

आमच्या केंद्राखालच्या एका उपकेंद्राची सिस्टर त्या एप्रिलअखेर निवृत्त होणार होती. तिच्याकडे तीन गावं. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं ती त्याच तीन गावांत पायी फिरली. ज्या पोरींना तिने पोलिओचे थेंब पाजले, त्यांचीच बाळंतपणं पुढे तिने पार पाडली. ती गेल्यावर तिच्या डोक्यातलं सगळं तिच्याबरोबर जाणार, ही काळजी वरच्या लोकांना कधी नव्हे ती पडली होती, कारण त्याच सुमारास वरून एक नवीन फर्मान आलं होतं.

त्या फर्मानाचं प्रशिक्षण वर्ध्याला झालं. मोठा हॉल, चार कूलर, प्रत्येक खुर्चीवर एक फाईल. पडद्यावर दोन डोकी काढलेली होती आणि एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात बाण. शिकवायला आलेले साहेब म्हणाले, "माणूस जातो, ज्ञान राहिलं पाहिजे." निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाकडून ज्ञान काढून घ्यायचं, फॉर्ममध्ये भरायचं, फॉर्म ॲपवर चढवायचा. मग जगात कुठेही बसलेल्या माणसाला ते दिसेल. हे सुरू व्हायला तासभर उशीर झाला होता, कारण तो प्रोजेक्टर ज्या एका शिपायाला चालू करता येत होता तो लग्नाला गेला होता. त्यावर बाकीचे हसले. मी हसले नाही. मला ते दोन डोक्यांचं चित्र मनापासून पटलं होतं. माझ्या हातून एक तरी काम असं होईल की पुढच्या नेमणुकीच्या वेळी कुणाला तरी आठवेल, असंही वाटलं. खोटं कशाला सांगू.

सिस्टरचं ज्ञान म्हणजे एक लांबडं रजिस्टर. सरकारी रजिस्टरं तिची वेगळी होती, ती नीटनेटकी होती, ती मी आधीच भरत होते. हे तिचं स्वतःचं. खाकी कापडाच्या पाठीचं, घामाने आणि हाताळून मऊ पडलेलं. एका बाईला एक पान. नाव, नवऱ्याचं नाव, पाळीची तारीख, वजन, आणि मग तिच्या बारीक अक्षरात अशा गोष्टी की ज्यांना कुठल्याच फॉर्ममध्ये रकाना नाही. "सासूशी बोलू नये, जावेला सांगावे." "गोळ्या घेते म्हणते, घेत नाही, चुलीमागे पाहणे." "नवरा दारू पितो, सकाळीच जाणे." मला ते वाचून गंमत वाटली आणि रागही आला. एवढ्या वर्षांत या बाईला साधा तक्ता आखता येऊ नये?

रजिस्टर माझ्या हवाली करताना तिने सांगितलं, "वाचताना अडलं का विचारत राहजो. आन् नवी बाई आली का मले फोन लावजो. तिले घेऊन बसते मी एक दिवस, वही समजावून देते."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, वही समजावून द्यायला ती काय पोथी आहे? मला वाचता येत नाही की काय?

मग मी कामाला लागले. एकेक पान स्कॅन करायचं आणि समोर बसून फॉर्म भरायचा. अडचण एकच होती. त्या रजिस्टरच्या काही पानांचे वरचे कोपरे दुमडलेले होते. स्कॅनरच्या काचेवर ठेवलं की तिथली तारीख झाकली जायची. वापरून वापरून वही अशीच होते, असं मला वाटलं. मी एकेक कोपरा उलगडला, नखाने घासून सरळ केला. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. रात्रभर ते रजिस्टर औषधांच्या दोन खोक्यांखाली दाबून ठेवलं. सकाळी काढलं तेव्हा पानं इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती. मी खूश झाले. डॉक्टरसाहेबांना नेऊन दाखवलंसुद्धा.

तीस एप्रिलला सिस्टरला शाल-श्रीफळ दिलं. त्याच दिवशी ॲपवर तिच्या उपकेंद्रापुढे हिरवी खूण आली: हस्तांतरण पूर्ण. नवी नर्स दहा दिवसांनी हजर झाली. मराठवाड्यातली पोरगी, कामाला चटपटीत, पण तीन गावांतलं तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. तिला मी टॅब दिला, यादी उघडून दिली. सिस्टरला फोन लावला नाही. हिरवी खूण आल्यावर कशाला लावायचा?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सिस्टर पेन्शनच्या कागदावर सही करायला केंद्रात आली. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. ती पाणी प्यायली, माझ्या शेजारी बसली, सहज म्हणून कपाटातून आपलं रजिस्टर ओढलं आणि चाळायला लागली. चाळता चाळता तिचा हात थांबला. तिने पहिल्यापासून पुन्हा चाळलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कोपरे कोणं उलगडले?"

"मी," मी म्हटलं. "स्कॅन करायला. सगळी पानं सरळ केली."

मला वाटलं ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "सात होते."

मला काही कळलं नाही. तिने मला बाजूच्या लसीच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. ज्या बाईला जपायचं, पण का जपायचं ते लिहायचं नाही, तिच्या पानाचा कोपरा ती दुमडायची. बाई मोकळी झाली, धोका टळला, की उलगडायची. नवीन नर्सला हे तोंडी सांगायचं, कागदावर नाही. म्हणून तर तिने मला फोन लावायला सांगितलं होतं.

"पण लिहायचं का नाही?" मी विचारलं.

"वही मी घरोघरी घेऊन जाते. अंगणात मांडीवर उघडते. सासू बाजूले बसून राह्यते, नणंद वाकून पाह्यते. आता सगळ्याइले वाचता येते, पोरी. काय काय लिहू?"

एकीला लग्नाआधी एक मूल झालेलं. एकीला नवऱ्याकडून आलेला आजार. तिघींचं असंच काही दुसरं. आणि दोघींना सिकलसेल. आमच्याकडे तो आजार घरोघरी ऐकून माहीत आहे. रक्तातल्या पेशी वाकतात, बारीक नसांत अडकतात, मग हाडांत अशा कळा उठतात की माणूस गडबडा लोळतो. बाळंतपणात तर जिवावर बेतू शकतं. रक्ताची सोय करून ठेवून मोठ्या दवाखान्यातच ते करावं लागतं. तपासणी झाली की रंगाचं कार्ड देतात. लाल म्हणजे आजार आहे. पिवळं म्हणजे आजार नाही, पण अंश आहे, पुढे मुलाबाळांत जाऊ शकतो. आणि कार्ड मिळालं की पहिलं काम काय, तर ते लपवायचं, कारण लग्नं मोडतात.

हे मला कुणी सांगायला नको होतं. माझं स्वतःचं कार्ड पिवळं आहे. कॉलेजच्या शिबिरात ते मला मिळालं, त्या संध्याकाळी बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि पत्र्याच्या पेटीत आईच्या शालूखाली ठेवलं. मला पाहायला माणसं यायची तेव्हा बाबांची नजर अधूनमधून त्या पेटीकडे जायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. त्या घरात वाढलेल्या मुलीला दुमडलेला कोपरा पाहून काहीच कसं सुचलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

"सात कोण ते सांगा," मी म्हटलं. "मी आत्ता सगळ्यांना फोन लावते."

सिस्टरने बोटं मोजली. सहा नावं सांगितली. सातव्या बोटावर अडली. पुन्हा पहिल्यापासून मोजली, पुन्हा तिथेच अडली. तिचा चेहरा उतरला.

"सिकलची एक आठवली. दुसरी नाई येऊन राह्यली."

"अहो, असं कसं? तुम्हालाच तर माहीत होतं!"

"मी ध्यानात ठेवतच नोती," ती म्हणाली. "म्हणून तर दुमडत होती ना."

 नव्या नर्सला बोलावून आम्ही त्या सहा जणींना फोन लावले, काहीतरी निमित्त सांगून. सहाही जणी ठीक होत्या. तोवर मी रजिस्टर खिडकीशी नेलं आणि पानं उजेडात तिरपी धरून घड्यांच्या खुणा शोधायला लागले. खुणा होत्या, पण डझनावारी होत्या. कितीतरी बायांचे कोपरे कधी ना कधी दुमडले होते आणि कधी ना कधी उलगडले होते. आत्ताची घडी कोणती आणि दोन वर्षांपूर्वीची कोणती, हे कागदाला कोण विचारणार? माझ्या दोन खोक्यांनी सगळ्या सारख्याच दाबल्या होत्या. ॲपमध्ये शोधलं. तिथे त्या बाईच्या पानावर, ती कुणीही असली तरी, "अशक्तपणा" एवढंच असणार होतं आणि अशक्तपणा निम्म्या यादीला होता.  कुठेतरी एक पोटुशी बाई या उन्हात फिरते आहे, तिला काय आहे ते तिच्या आसपासच्या एकाही नर्सला माहीत नाही, आणि हे माझ्या नीटनेटकेपणामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सिस्टर उठली. डोक्याला ओढणी गुंडाळली. "इथं बसून नाई आठवणार. चाल, स्कूटी काढ."

पहिल्या गावात काही हाती लागलं नाही. दुसऱ्या गावाच्या वेशीपाशी तिने मला स्कूटी लावायला सांगितली. "गाडीवर नाई. पायानं." ती नेहमीच्या वाटेने निघाली, मी मागे. हापशी, रेशन दुकान, विहाराची भिंत, शाळेची मागची गल्ली. ती चालता चालता पुटपुटत होती. इथं बीपीची. इथं जुळे झाले. इथली पडली होती आठव्या महिन्यात. एकेक दार आलं की एकेक गोष्ट तिच्या तोंडून निघत होती, जणू ती तिथेच उंबऱ्यावर ठेवलेली होती आणि तिने फक्त उचलली. मी घड्याळ पाहत होते. दुपारचे दोन वाजले होते.

गल्लीच्या टोकाला एका घरासमोर ती थबकली. "या घरी मी दोनदा पाणी मांगत होती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एकदा आल्यावर. आन् एकदा जाताना, सुनेच्या मागं मागं सैपाकघरात जाऊन. तथी बोलाले भेटे." तिने माझा दंड धरला. "हीच. सातवी हीच."

अंगणात मांडवाखाली पापड चालले होते. गल्लीतल्या सहासात बाया लाटायला बसल्या होत्या आणि मधोमध त्या घरची सासू लाट्या तोडत होती. सिस्टरला पाहून ती हसली. "या बाई. पेन्शनीत गेल्या तरी पाय थांबले नाईत तुमचे."

"सुनबाई कुठं हाये?" सिस्टरने विचारलं.

"माहेरी धाडली. पंधरा दिस झाले. पह्यलंच हाये ना, धाडाच लागते."

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्याकडे यात कुणी विचारसुद्धा करत नाही. ॲपमध्ये नव्या नर्सने तिच्यापुढे "बाहेरगावी" अशी खूण केली होती आणि ती यादीतून आपोआप गळली होती. माहेर तळेगावच्या पुढे, आष्टी तालुक्यात. तिथल्या नर्सच्या लेखी ही माहेरपणाला आलेली दुसरी कुठलीही मुलगी.

सिस्टरच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "एक सुई राह्यली तिची," ती म्हणाली. "फोन लावता का जरा?"

सासूने हात पुसले, फोन लावला, पिठाचा हात कानाला लागू नये म्हणून स्पीकर सुरू केला. पलीकडे मुलीची आई होती. ती म्हणाली, कालपासून पोरीचं अंग ठणकून राहिलं आहे. हातपाय, पाठ. गावातल्या डॉक्टरने सुई दिली, उन्हानं होते म्हणाला. आज छातीतही दुखतं म्हणते, दम लागतो.

 सिस्टर त्याच आवाजात म्हणाली, "असं करा, मी गाडी पाठवते. ते सुई वर्ध्यालेच भेटते. तिले तयार ठेवा."

"गाडी कायले?" सासू म्हणाली. "उन्हानं होतेच बाई. मले नाई होत काय?"

पलीकडून आई म्हणाली, "तिचा भाऊ सांजच्याले येते. उद्या सकाळी नेतो आम्ही."

उद्या सकाळी. हे दोन शब्द ऐकले आणि माझा तोल गेला.

"उद्या नाही," मी ओरडले. "तिला सिकलसेल आहे. लाल कार्ड आहे तिचं. आत्ताच्या आत्ता न्या, नाहीतर मरेल ती."

सगळी लाटणी एकदम थांबली. फोनमधून मुलीच्या आईचा हुंदका ऐकू आला. तिला माहीत होतंच. सासूने माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग शेजारी बसलेल्या बायांकडे, एकेकीकडे. त्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

"काय म्हणते हे?" ती सिस्टरला म्हणाली. "आमच्या घरात लाल कार्ड?"

 सिस्टर आपला फोन घेऊन गल्लीत गेली. तळेगावकडच्या नर्सबाया तिच्या ओळखीच्या, कुणी तिच्या हाताखाली शिकलेली, कुणी तिच्याबरोबर संपात बसलेली. दहा मिनिटांत रुग्णवाहिका निघाली, गावातली नर्स त्या घरी जाऊन बसली, वर्ध्याच्या दवाखान्यात कुणाला तरी रक्ताचं सांगून झालं. ज्ञान एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात असं जातं, हे मी तेव्हा पाहिलं. त्या वेळी मात्र मला काही शिकायचं नव्हतं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. एकेक करून बाया उठून गेल्या, लाटलेले पापड खाटेवर तसेच टाकून. पाच मिनिटांत गावभर होणार हे सासूलाही कळत होतं आणि मलाही.

परत येताना सिस्टर स्कूटीवर मागे बसली होती.  गाव मागे पडल्यावर म्हणाली, "मी गाडी पाठवतच होती. तिकडच्या बाईले सगळं सांगणार होती. पाच मिनिटं कळ काढली असती तर कोणाले काई समजलं नसतं."

"आणि त्या पाच मिनिटांत तिला काही झालं असतं तर?"

 "तेबी खरं हाये," ती शेवटी म्हणाली.

त्या मुलीच्या फुप्फुसापर्यंत आजार गेला होता. आणखी रात्र काढली असती तर अवघड होतं, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं. रक्त दिलं, प्राणवायूवर ठेवलं. चार दिवसांनी सिझर झालं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. ती बातमी आली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले.

पुढे जे झालं त्याची मला जास्त लाज वाटते. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, आता तरी नोंद पूर्ण करा. मी केली. तिच्या नावापुढे लाल पट्टी आली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडली. तालुक्याच्या मीटिंगमध्ये ठरलं की माहितीमुळे जीव वाचल्याची ही यशोगाथा आहे, एक पान लिहून पाठवा, आई-बाळाचा फोटो जोडा. कोपऱ्यांबद्दल मी कुणाला बोलले नाही. सिस्टरही बोलली नाही. माझं कंत्राट संपत आलं होतं. मी ते पान लिहिलं. त्यात "वेळीच" हा शब्द तीनदा आला. फोटो नव्हता म्हणून ते पाठवायचं राहिलं होतं.

पोळ्याच्या सुमारास ती आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण कडेवरचं बाळ आणि मागे उभा भाऊ पाहून ओळखलं. बारीक अंगाची, डोळ्यांत पिवळसर झाक, केस घट्ट बांधलेले. लसीची नोंद इकडच्या पत्त्यावर होती, ती माहेरच्या पत्त्यावर करून घ्यायला आली होती. म्हणजे ती अजून तिकडेच होती.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "घरचे येतात का?"

"हे येतात रविवारी," ती म्हणाली. "सासूबाई एकडाव आल्या होत्या. झबलं आणलं होतं. पोरगी पाह्यली, अन् इचारलं, इचं कार्ड कोण्या रंगाचं हाये."

 माफी मागायचे शब्द मी कितीतरी दिवस जुळवून ठेवले होते. तिच्यासमोर त्यातला एकही कामाचा वाटला नाही. तरी मी म्हटलं, "त्या दिवशी अंगणात बोलले ती मीच."

"ठाऊक हाये मले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ओलावाही नव्हता. "माह्या नावापुढं काय लिहलं ते दाखवा."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने बोट फिरवत सगळं वाचलं, लाल पट्टीसुद्धा.

"हे कोणाकोणाले दिसते?"

मी सांगायला लागले. मला दिसतं. इथल्या नर्सला, डॉक्टरांना. तालुक्याला. जिल्ह्याला. त्याच्या वर कुठे, कुणाच्या टेबलावर, ते मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी भरत होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 

"पुसता येते का?"

"नाही," मी म्हटलं. "भरता येतं. पुसता येत नाही."

तिने मान हलवली. पर्समधून बाळाच्या रक्ततपासणीचा कागद काढला होता, तो टेबलावर ठेवता ठेवता तिचा हात थांबला. कागद तिने परत पर्समध्ये घातला.

"मंग इचं नोका भरू."

"भरावं लागतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "उद्या हिला काही झालं, तर कुणाला कळणार नाही ना."

"कळन," ती म्हणाली. "मी हाये ना. मी सांगन."

बाळ झोपेत तिच्या खांद्यावर तोंड घासत होतं. एवढं बोलून तिला दम लागला होता, तो लपवायला ती बाळाची पाठ थोपटत राहिली. आणि तुम्ही नसाल तेव्हा? माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्याकडे पाहून मला ते विचारता आलं नाही.